दिवाळीनंतरचे राजीनामे

आमच्या धंद्यात राजीनामे दिवाळीनंतर येतात. त्याआधी द्यायची सोयच नसते. सप्टेंबरअखेर टॅक्स ऑडिट, ऑक्टोबरअखेर ऑडिटवाल्यांची रिटर्न्स, मध्ये गणपती आणि नवरात्र कसंबसं उरकून घ्यायचं. सरकारने तारीख वाढवली तर ठीक, नाहीतर रात्री दोनपर्यंत ऑफिसचे दिवे चालू. या दिवसांत जो सोडून जाईल त्याचं नाव आम्ही सीए लोक पुढची दहा वर्षं काढत बसतो, हे पोरांना पक्कं ठाऊक असतं. मग बोनस हातात पडतो, फराळाचे डबे रिकामे होतात आणि एके सकाळी कोणीतरी केबिनच्या दारात उभं राहतं. “सर, दोन मिनिटं होती.” दोन मिनिटं म्हटली की मी पेन खाली ठेवतो.

पूर्वी ही दोन मिनिटं पुण्याची असायची. महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये रात्रीचं बसायचं, सकाळी पुणं, संपला विषय. आता दुबई असते, रियाध असतं, एखादीचं लंडन असतं. रिझर्व्ह बँकेने २०२३-२४ सालासाठी केलेल्या पाहणीत परदेशी राहणाऱ्यांकडून भारतात येणाऱ्या पैशांपैकी २७.७ टक्के अमेरिकेतून आणि १९.२ टक्के एकट्या संयुक्त अरब अमिरातीतून आले होते. ते आणणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र केरळच्याही पुढे, २०.५ टक्क्यांवर. त्यात खान्देशाचा वाटा किती, हे कोणी वेगळं मोजत नाही. पण माझ्या कपाटात एनआरआयच्या फायलींचा एक अख्खा खण झालाय, आणि आधी त्या खणात स्टेशनरी असायची.

मी जळगावात प्रॅक्टिस करतो. त्यामुळे फायनान्सवाल्यांनी जास्त पगारासाठी परदेशी जावं का, या वादात मी पंच नाही, पक्षकार आहे. मी घडवलेला माणूस जातो तेव्हा माझं काम अडतं. पुढचं वाचताना एवढं ध्यानात असू द्या.

एक जुलैला सीए दिन असतो. १९४९ साली कायदा होऊन आमची संस्था उभी राहिली, त्याचा तो दिवस. त्या दिवशी भाषणं होतात आणि एखादा ज्येष्ठ सभासद हमखास मातीवर येतो. गिरणेचं पाणी, तापीचा काठ, आईबापांचं म्हातारपण, तिकडे कोण आहे आपलं? मागच्या खुर्च्यांवर बसलेली आर्टिकलची पोरं, म्हणजे सीए होण्याआधी आमच्या ऑफिसात उमेदवारी करणारी, मोबाइलमध्ये खाली बघत असतात. मला त्या वेळी पोरांचंच बरोबर वाटतं. अगदी अलीकडेपर्यंत आमच्यासारख्या गावात आर्टिकलला पहिल्या वर्षी महिना दीड-दोन हजार दिले की भागत होतं, कारण नियमातला किमान आकडाच तेवढा होता. किमान म्हणजे किमान, जास्त द्यायला बंदी नव्हती. पण बहुतेकांनी तो किमान आकडाच कमाल धरला. ज्याने पोराला दीड हजारांत तीन वर्षं राबवलं, त्याने मातीचा विषय काढू नये. आधी पगार काढावा.

आणि पगार आम्ही का देत नाही? कारण फी मिळत नाही. हे दुखणं जरा उघडून दाखवतो.

एमआयडीसीत दालमिल असलेला माणूस. नवी गाडी दारात. वर्षाची उलाढाल सांगत नाही, पण तुमच्या-माझ्या सात पिढ्यांच्या बेरजेहून मोठी. त्याच्या हिशोबांचं ऑडिट म्हणजे तुरीच्या आवक-जावकेपासून चुरी-भुश्श्याच्या विक्रीपर्यंत सगळं तपासणं. दोन पोरं तीन आठवडे तिथे बसलेली. बिल पाठवलं की स्वतः येतो, चहा घेतो, आणि म्हणतो, “साहेब, सही करायला काय लागतं?” पाच हजार कमी करून घेतो. वर दुसऱ्या दिवशी माणसाबरोबर बामणोदची भरताची वांगी पाठवतो, ती मात्र पाचशे रुपयांची तरी असतात आणि मनापासून दिलेली असतात. खान्देशी माणूस कंजूस अजिबात नाही. लग्नात तो लाख उधळेल, सराफ बाजारात घासाघीस न करता तोळे मोजून घेईल, तुम्ही जेवायला गेलात तर शेवभाजीवर तेलाचा बोटभर तवंग आणेल. पण डोक्याच्या कामाला दाम असतो, हे त्याच्या हिशोबात बसत नाही. सोन्याला वजन आहे, केळीला वजन आहे, सल्ल्याला काय वजन?

ती वांगी मी घरी नेतो. आर्टिकलच्या पोराला त्यातलं काही मिळत नाही.

म्हणून गेल्या दिवाळीनंतर चोपड्याकडचा माझा एक मुलगा दारात उभा राहिला, तेव्हा मी माती काढली नाही. कागद काढला. तो सीए होऊन दीड वर्ष माझ्याकडेच होता. दुबईच्या एका ट्रेडिंग कंपनीचं पत्र होतं, महिना १४,००० दिरहम. मोबाइलवर त्याने आधीच गुणाकार करून ठेवला होता: दिरहमला २३ रुपये धरले तर ३ लाख २२ हजार. वडिलांना, मामाला, मित्रांना हाच आकडा सांगून झालेला. आम्ही लोक दिवसभर दुसऱ्यांना सांगत फिरतो की उलाढाल म्हणजे नफा नव्हे, आणि स्वतःच्या पगाराची वेळ आली की उलाढालच धरून बसतो.

“खर्च लिही,” म्हटलं. एका जुन्या ट्रायल बॅलन्सच्या पाठकोऱ्या कागदावर त्याने लिहिले. भाडं ५,५०० दिरहम, तेही तिथे घरमालक पुढल्या तारखांचे चेक आधीच घेऊन ठेवतात, त्यामुळे सुरुवातीलाच उसनवारी. वीज, पाणी, इंटरनेट ९००. खाणंपिणं २,०००. जाणं-येणं १,३००. वर्षातून एकदा घरी यायचं तिकीट आणि बहिणीसाठी काहीबाही, त्याचे महिन्याकाठी ५००. राहिले ३,८००. म्हणजे साधारण ८७ हजार रुपये.

८७ हजार काही कमी नाहीत. पण ३ लाख २२ हजारही नव्हेत. पोरगा त्या कागदाकडे बघत बसला.

मग पुण्याचा कागद केला. बारा लाखांचं पॅकेज त्याला पुण्यात मिळालं असतं. इथे एक गंमत आहे, जी जाणाऱ्या पोरांच्या लक्षात येत नाही. दुबईत पगारावर कर नाही, हे खरं. पण २०२५-२६ पासून आपल्या नव्या करप्रणालीत नोकरदाराच्या पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगारावरही कर पडत नाही. म्हणजे त्याच्या पायरीवर करमुक्तीचा फायदा जवळजवळ शून्य. तो फायदा खरा सुरू होतो वर चढल्यावर, पंचवीस-तीस लाखांच्या पुढे, जिथे इथे वरच्या रकमेतले तीस टक्के जातात. पुण्यात वाटून घेतलेल्या फ्लॅटमध्ये राहून त्याच्या हाती चाळीस-पंचेचाळीस हजार राहिले असते. फरक निघाला महिन्याला चाळीसेक हजारांचा, वर्षाला पाच लाखांचा. वय सव्वीस, लग्न नाही, डोक्यावर कर्ज नाही. “जा,” म्हटलं.

हेच तो पस्तिसाव्या वर्षी, बायको आणि दोन मुलं घेऊन विचारायला आला असता तर मी “जा” म्हटलं नसतं. एका खोलीचं घर दोन खोल्यांचं होतं, शाळेची फी लागते, आणि त्या ३,८०० चे बघता बघता उणे होतात. शिवाय आपल्यासारखा भविष्यनिर्वाह निधी तिथे बाहेरच्या माणसाला सर्रास नसतो. असते ती नोकरी सोडतानाची ग्रॅच्युइटी: पहिली ५ वर्षं दर वर्षामागे २१ दिवसांचा पगार, पुढे ३० दिवसांचा. आणि तो मूळ पगार. पत्रातल्या चौदा हजारांत मूळ पगार किती लिहिलाय, ते बघ म्हटलं. सहा हजारच होता. बाकी भत्ते. तिथे त्याने परत फोन करून तो आठ हजार करून घेतला. दीड वर्षात माझ्याकडे काहीतरी शिकला म्हणायचा!

विलायतेचा हिशोब निराळा. एक मुलगी तिकडे गेली आहे, वर्षाला ४५,००० पौंडांवर. आकडा रुपयांत केला तर डोळे फिरतात. तिथे पहिल्या १२,५७० पौंडांवर कर नाही, पुढे २० टक्के, वर नॅशनल इन्शुरन्स या सरकारी विम्याचे ८ टक्के. हातात महिन्याला तीन हजार पौंडही पुरते येत नाहीत, आणि लंडनात एका खोलीच्या घराला त्यातले निम्मे तरी भाड्यालाच जातात. जुलै २०२५ पासून तिथल्या कुशल कामगार व्हिसाची पगाराची पायरी ४१,७०० पौंडांवर नेली आहे. नव्याने पास झालेल्या पोराला उडी मारून तिथे हात पोचणं अवघड झालंय. अमेरिकेचं तर विचारूच नका. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत आधीच होती, सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जावर एक लाख डॉलर लावले. कोणती कंपनी ज्युनिअर अकाउंटंटसाठी ते भरेल?

तरी त्या मुलीला मी चुकलीस असं म्हणणार नाही. तिचा हिशोब शिलकीचा नव्हताच. तिला मोठ्या समूह-कंपन्यांची एकत्रित खाती करायची होती. ते काम जळगावात नाही, पुण्यातही मोजक्या ठिकाणी. ती शिकायला गेली आणि शिकताना पोट भरतंय, एवढं तिला पुरे होतं. घरच्यांना मात्र ती पौंड कमवायला गेली असं वाटतं. दर रक्षाबंधनाला भाऊ नवा फोन मागतो.

आमच्या विद्येचं एक आहे, ती अर्धीच बरोबर नेता येते. डॉक्टरला हाडं सगळीकडे दोनशे सहाच. आमच्याकडे जमा-नावे सगळ्या जगात तेच, ताळेबंद दोन्ही बाजूंनी जुळतोच, आयएफआरएस हे हिशोबाचे आंतरराष्ट्रीय नियम बहुतेक देशांत चालतात. पण आयकर, जीएसटी, कंपनी कायदा, सहकार कायदा हे सगळं इथेच ठेवून जावं लागतं. ज्याने तीन वर्षं नुसती रिटर्न्स भरली त्याची बॅग विमानतळावर निम्मी रिकामी होते. ऑडिट, खर्चाचा हिशोब, रोख रकमेचं नियोजन करणाऱ्याची भरलेली राहते. कधीकधी नशीबही साथ देतं. जुलै २०१७ मध्ये आपल्याकडे जीएसटी आला, आम्ही शिव्या देत शिकलो, आणि जानेवारी २०१८ पासून अमिराती आणि सौदीत व्हॅट सुरू झाला. तिथल्या लोकांनी आयुष्यात असा कर पाहिलेला नव्हता. इनपुट क्रेडिट म्हणजे काय, खरेदीवर भरलेला कर विक्रीच्या करातून कसा वजा करायचा, हे सांगणारा माणूस त्यांना हवा होता, आणि तो माणूस आमच्याकडे तयार झालेला. जून २०२३ पासून अमिरातीत कंपन्यांच्या नफ्यावर ९ टक्के करही लागला. पुन्हा मागणी. तिकडे कर वाढला की इकडे माझा राजीनामा ठरलेला.

जाऊ नका म्हणणारे खान्देशात एक हुकमी पान टाकतात: अमळनेर. १९४५ साली तिथे वनस्पती तुपाची गिरणी निघाली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. तीच पुढे विप्रो झाली. वडील गेले म्हणून १९६६ साली अझीम प्रेमजी अमेरिकेतलं शिक्षण सोडून आले, आणि ज्या अमळनेरकरांनी शेअर सांभाळले ते घरबसल्या करोडपती झाले. गोष्ट खरी आहे. पण तिचा उपयोग ‘बघा, इथेच राहिले आणि श्रीमंत झाले’ असा केला की मला राहवत नाही. पोरीच्या लग्नाला, विहिरीच्या बांधकामाला, घराच्या पत्र्याला ज्यांनी ते शेअर विकले असतील, त्यांची गोष्ट कोण सांगतंय? शिवाय त्यांना ना शेअर सोडून कुठे जायचं होतं, ना राहिल्याबद्दल पगार मिळत होता. नशिबाच्या गोष्टीवरून पोरांनी करिअर ठरवावं, हा सल्ला मी माझ्या क्लायंटला दिला तर तो फाइल उचलून घेऊन जाईल.

हल्ली एक तिसरी वाट निघाली आहे. भुसावळ रोडला एका इमारतीत चार-पाच पोरं ऑस्ट्रेलियातल्या फर्मची पुस्तकं लिहितात. तिकडचं घड्याळ आपल्यापुढे, म्हणून पहाटे पाचला शटर वर. दुपारी एकला मोकळे, घरी जेवायला. कळण्याची भाकरी, ठेचा, आणि पगार पुण्याच्या तोडीचा. तिकडचं आर्थिक वर्ष जूनअखेर संपतं, तेव्हा आमचा धो धो पाऊस आणि त्यांची धावपळ एकदम. मला ही वाट आवडते. पण त्या पोरांशी बोललं की कळतं, ती वर्षभर दुसऱ्यांच्या पावत्या नोंदवतात. तो धंदा कशाचा, मालक कोण, तो फसवतो की नाही, काही ठाऊक नसतं. क्लायंटच्या गोडाउनमध्ये शिरून पोत्यात हात घालण्याने जी अक्कल येते, ती पडद्यावर येत नाही. दहा वर्षांनी ते काम यंत्र करायला लागलं की त्यांचं काय, हे मी त्यांना विचारलं नाही. जेवत होते.

परत यायचं ठरवणाऱ्यांनाही एक गोष्ट आधी माहीत हवी. प्रॅक्टिस तिशीत उभी राहते. आमच्याकडे फाइल आजोबाकडून बापाकडे आणि बापाकडून नातवाकडे जाते, पण सीए बदलत नाही. त्या फायली ज्या वयात जमवायच्या ते वय दुबईत गेलं, तर पंचेचाळिसाव्या वर्षी पाटी लावून बसणाऱ्याकडे येतो तो फक्त भाडं मागणारा मालक. पैसे असतील, पण धंदा नसेल. मग पेट्रोल पंप टाकतात, नाहीतर मंगल कार्यालय.

त्या चोपड्याच्या पोराचं नक्की झालं आणि आठवड्याने त्याचे वडील आले. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. केळीची बाग आहे, गावात खत-बियाण्यांचं दुकान आहे, आणि दुकानाची फाइल कित्येक वर्षं माझ्याकडे. बरोबर पोरगा होताच. आजीची काळजी आप्पांनी आल्या आल्या सांगून टाकली, तिने नातवाला एवढंच विचारलं होतं: “तठे भाकर भेटस का रे?” उन्हाचं कोणी विचारलं नव्हतं. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत केळीला पाणी देणाऱ्यांना दुबईचा उन्हाळा सांगणार कोण!

आप्पांचं मुख्य काम वेगळंच होतं. बांधाला लागून असलेलं शेत विकायला निघणार होतं, दोन-तीन वर्षांत. पोराच्या पैशांतून ते घ्यायचं, पोराच्याच नावावर. “त्याची कमाई, त्याचा सातबारा,” आप्पा म्हणाले.

मी त्यांना सांगितलं की तसं होणार नाही. पोरगा नोकरीसाठी विमानात बसला की परकीय चलनाच्या कायद्याने तो अनिवासी. अनिवासी माणसाला भारतात फ्लॅट घेता येतो, दुकान घेता येतं, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते. बापजाद्यांपासून शेतकरी असला तरी तेच. आप्पांचा विश्वास बसेना. सगळा जन्म शेतात गेलेल्या माणसाच्या पोराला शेत घेता येत नाही आणि मुंबईत टॉवरमध्ये फ्लॅट घेता येतो, यात त्यांना सरकारचा काहीतरी डाव दिसत होता.

“मग माझ्या नावावर घेऊ,” ते म्हणाले. घेता येतं. पोराने बापाला पैसे भेट द्यायचे, त्यावर कर नाही. आप्पा निवासी, आप्पा शेतकरी, खरेदीखताला अडचण नाही. पण पुढचं सांगणं माझं कामच होतं. आप्पांच्या नावावर घेतलेलं शेत आप्पांचं. त्यांच्यामागे ते दुबईवाल्याचं एकट्याचं राहत नाही. त्याची आई, तो, धाकटा भाऊ, बहीण, सगळ्यांचा सारखा वाटा, आणि आजी तोवर असली तर तिचाही. पोराने दोन-तीन वर्षं शारजाच्या बसमध्ये उभं राहून जमवलेल्या पैशांचे पाच हिस्से. आज घरात कोणाच्या मनात पाप नाही. धाकट्याची बायको अजून यायची आहे.

पोरगा म्हणाला, “सर, चालतंय की. भावाबहिणीलाच जाईल.” सव्वीस वर्षांचा होता, म्हणाला. आप्पांचा चेहरा मात्र बदलला. त्यांनी स्वतःच्या भावाशी बांधावरून बारा वर्षं कोर्ट केलेलं आहे.

“यावर उपाय?”

“मृत्युपत्र करा. शेत घेतलं की लगेच. त्यात लिहा, हे कोणाच्या पैशांचं आणि कोणाला द्यायचं.”

“मी काय मरायला टेकलोय का?” म्हणाले, पण हसत. मग जरा विचार करून, “तुम्ही लिहून द्याल?”

“वकिलाकडे जा. माझ्या ओळखीचे आहेत, नीट करतील.” आणि त्यांनी विचारायच्या आत मीच वकिलाच्या फीचा अंदाज सांगून टाकला.

आप्पांनी पोराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “नुसते दोन कागद लिहायचे? एवढे?”

पोरगा फस्सकन हसला. मला काही हसू आलं नाही. दुकानाचं मागच्या वर्षीचं माझं बिल आप्पांकडून यायचं बाकी होतं.